मगरी असलेल्या नदीकाठी कुत्रा सांभाळताना

कृष्णाकाठी भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, कसबे डिग्रज, हरिपूर हा पट्टा, शेजारची वारणा, चिपळूणची वाशिष्ठी, महाडची सावित्री, मुंबईतला पवई तलाव. या सगळ्या पाण्यांत मगरी आहेत आणि काठावर माणसांची दाट वस्ती आहे. वस्ती आली की कुत्री आली. कुत्रा मगरीच्या तोंडी गेला की लोक म्हणतात, त्याचं नशीब. पण मागे जाऊन पाहिलं की बऱ्याचदा एकच गोष्ट दिसते. कुत्रा रोज त्याच वेळी, त्याच उताराने, त्याच जागी पाण्याला तोंड लावत होता.

मगर भक्ष्यामागे लांब धावत नाही, दबा धरते. दबा धरायला तिला ठरलेली जागा लागते आणि ती जागा आपणच तिला रोजच्या सवयीतून दाखवून देतो. म्हणून कुत्र्याचा पाण्याशी असलेला हा नित्यक्रम मोडायचा, हे या लेखातलं मुख्य काम आहे. पट्टा, शिकवण, कुंपण, औषधपाणी हे सगळं त्याच्या आधाराला आहे.

आधी काठ वाचायला शिका

आपल्या नद्यांतली मगर म्हणजे गोड्या पाण्यातली मगर. गावात तिला सुसरही म्हणतात. पूर्ण वाढलेला नर साधारण तीन ते चार मीटरचा, क्वचित त्याहून मोठा. वाहत्या उथळ पाण्यापेक्षा तिला संथ आणि खोल पाणी आवडतं. म्हणजे डोह, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागचा फुगवटा आणि नदीचं वळण. गावाजवळ बंधारा असेल तर त्याच्या वरच्या अंगाचा काठ कुत्र्यासाठी बंद, असा नियमच करून टाका.

काठावर उतरण्याआधी उंचावरून पाच मिनिटं नीट पाहा. ओल्या चिखलात रुंद, गुळगुळीत घसरण दिसते का? तिच्या मधोमध शेपटीची बारीक चर आणि दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे असतील तर तिथून मगर पाण्यात उतरते. चोपून बसलेला, गवत न उगवलेला मातीचा पट्टा पाण्यालगत दिसला तर ती ऊन खायची जागा असू शकते. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या जमिनीच्या, उभ्या दरडीत पाण्याच्या पातळीला मोठं भोक दिसलं तर ते बीळ असू शकतं. मगरी काठात खोलवर बिळं खणतात. पाण्यात असताना फक्त नाकपुड्या आणि डोळे वर राहतात. वाऱ्याने पाणी हलत असेल तर एवढं दिसत नाही.

"मी दहा मिनिटं पाहिलं, काही नव्हतं" या वाक्याला मगरीच्या बाबतीत काहीच अर्थ नाही. पाव-अर्धा तास ती सहज पाण्याखाली राहू शकते. खुणा दिसल्या तर ती जागा सोडायची. खुणा दिसल्या नाहीत तरी जागा सुरक्षित आहे असं समजायचं नाही, अंतर ठेवायचंच.

वर्षाचं गणितही माहीत हवं. थंडीत, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, मगरी उन्हं वर आल्यावर काठावर पडून राहतात, त्यामुळे दिसतात तरी. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी काठावरच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. या काळात ती घरट्याजवळ आलेल्या कोणावरही धावते. नेमकं याच दिवसांत नदीचं पाणी आटतं, मगरी उरलेल्या डोहांत एकवटतात आणि उन्हाने तापलेला कुत्रा पाण्याकडे धाव घेतो. मार्च ते जून हा सगळ्यात वाईट काळ. दिवसातला वाईट काळ म्हणजे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, आणि दोन्ही बाजूंचा एकेक तास.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायलाच हवं. 2023 मध्ये सावित्री नदीच्या मगरींवर एक शोधनिबंध आला. भटक्या कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग केल्यामुळे पाण्यात शिरलेल्या एका कुत्र्याला मगरींनी खाल्लं नाही, उलट ढकलत काठाकडे नेलं, अशी नोंद त्यात होती. ती बातमी सगळीकडे फिरली. नोंद खरी आणि विलक्षण आहे, पण ती एका प्रसंगाची आहे. गोड्या पाण्यातली मगर कुत्रा खाते, हे आपल्या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. तिच्या दयेवर कुत्रा सोडू नका.

अंतर, पट्टा आणि पिण्याचं पाणी

पाण्याच्या कडेपासून तुम्ही किमान दहा मीटर लांब राहा. हा आकडा असा येतो: मगर काठावरच्या भक्ष्यावर झेप घेते ती साधारण तिच्या अंगाच्या लांबीइतकी, म्हणजे तीन-चार मीटर. तुमच्या हातातला पट्टा दोन मीटरचा. कुत्रा पुढे ताणून उभा राहिला तरी तो पाण्यापासून आठ मीटरवर राहतो. तुमची एक चूक किंवा त्याची एक उडी पोटात घालायला एवढी जागा लागते. उभ्या दरडीवर मगर पटकन चढत नाही हे खरं, पण पाण्याने खालून पोखरलेली दरड कुत्र्यासकट खाली येते. तिथेही तेच दहा मीटर.

पट्टा दीड ते दोन मीटरचा, साध्या नायलॉनच्या किंवा चामड्याच्या पट्टीचा असावा. बटण दाबून लांब होणारा दोरीचा पट्टा नदीवर अजिबात नको. कुत्रा उसळला की ती बारीक दोरी पाच मीटर सुटते आणि हाताने पकडायला गेलं तर बोटं कापते. गळपट्ट्यापेक्षा छातीवरून जाणारा हार्नेस बरा, कारण भिजलेला कुत्रा मान मागे ओढून गळपट्ट्यातून निसटतो. हार्नेस आणि अंग यांत दोन बोटं जातील इतकी जागा ठेवा, जास्त नको. पाठीवर पकडायला मूठ असलेला मिळाला तर तोच घ्या. कुत्र्याला एका झटक्यात उचलून मागे घेता येतं. कड्या आणि हूक महिन्यातून एकदा तपासा. नदीच्या वाळूने हुकातली स्प्रिंग अडकते आणि हूक अर्धवट बंद राहतो, आणि हा दोष वरून दिसत नाही.

एक गोष्ट कधीच करायची नाही. पट्ट्याचा फास मनगटाला अडकवायचा नाही आणि पट्टा हाताला गुंडाळायचा नाही. मगरीने कुत्रा ओढला तर पट्टा सोडता आला पाहिजे, नाहीतर ती तुम्हालाही पाण्यात नेईल. मुलांच्या हातात नदीवर पट्टा देऊ नका, यामागेही हेच कारण आहे.

आता पाणी. कुत्र्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं. म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला एक ते सव्वा लिटर, उन्हाळ्यात आणि पळापळ झाली की त्याहून बरंच जास्त. घरून निघण्याआधी अर्धा तास त्याला पोटभर नव्हे, पण तहान भागेल इतकं पाजा. बरोबर लिटरभर पाणी आणि घडीचं भांडं घ्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून थोडं थोडं द्या, आणि तेही काठाकडे पाठ करून, दर वेळी वेगळ्या जागी. तहानलेला कुत्रा कितीही शिकवलेला असला तरी पाणी दिसल्यावर ओढ घेतो. भागलेल्या कुत्र्याला आवरणं निम्मं सोपं जातं.

फिरायची वाटही आठवड्यात बदलती ठेवा. मगर असलेल्या पाण्यालगतची पाणंद रोजच्या फेरीतून काढून टाकता आली तर उत्तमच.

तीन शब्द, आणि ते कसे पक्के करायचे

नदीकाठच्या कुत्र्याला "बस", "हात दे" नाही आलं तरी चालेल. "ये", "थांब" आणि "सोड" हे तीन आलेच पाहिजेत. शिकवायला एक दहा मीटरची लांब दोरी घ्या, साधारण दोन सेंटिमीटर रुंद पट्टीची, म्हणजे हाताला काचत नाही. शिकवणी नदीवर नको. सुरुवात अंगणात, मग रिकाम्या माळावर, मग रस्त्यालगत.

"ये" शिकवताना एकदाच हाक मारा. कुत्रा वळला की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणा आणि पोचल्यावर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा नखाएवढा तुकडा द्या. नाही आला तर पुन्हा हाक मारत बसू नका. दोरी हळू गोळा करत त्याला आणा आणि तरीही तुकडा द्या. एका वेळी आठ-दहा हाका, दिवसातून दोनदा. अंगणात दहापैकी नऊ वेळा पहिल्या हाकेला यायला लागला की मगच पुढच्या, जास्त गोंगाटाच्या जागी जा.

ही शिकवण बिघडते ती बहुधा माणसाच्या एका सवयीमुळे. आपण कुत्र्याला हाक मारतो ती नेमकी घरी जायची वेळ झाली की. कुत्रा आठवड्यात शिकतो की "ये" म्हणजे मजा संपली. म्हणून फेरीत पाच-सहा वेळा उगाचच बोलवा, खाऊ द्या आणि पुन्हा मोकळं सोडा. दुसरी सवय त्याहून वाईट: उशिरा आलेल्या कुत्र्याला रागावणं. तो आला म्हणून मार खाल्ला असंच त्याला समजतं, आणि पुढच्या वेळी तो चार हात लांबच थांबतो.

"थांब" चालता चालता शिकवा. पट्टा आखडून घ्या, शब्द म्हणा, पाय थांबले की बक्षीस. मग हळूहळू पट्टा न आखडता. "सोड" हा शब्द मेलेला मासा, बेडूक, साप यांच्यासाठी लागतो. मुठीत खाऊ धरा, कुत्रा नाकाने ढोसेल, गप्प राहा. तो मागे हटला की "सोड" म्हणून दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मुठीतला देऊ नका.

हे तीन शब्द पक्के झाले तरी मगरीच्या पाण्यावर कुत्रा मोकळा सोडायचा नाही. शिकवण ही पट्टा हातातून सुटला तर, यासाठी आहे.

राखणीचा कुत्रा: इथे खरा प्रश्न आहे

वर सांगितलेलं पट्ट्याचं शास्त्र फिरायला नेल्या जाणाऱ्या कुत्र्याचं. कृष्णाकाठी मगरीच्या तावडीत सापडण्याचा खरा धोका मळ्यातल्या राखणीच्या कुत्र्याला असतो. त्याला कोणी फिरवत नाही, तो मालकाच्या मागे जातो. मालक पहाटे मोटार चालू करायला जातो, फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पंपाच्या पाण्यातल्या झडपेला, अडकलेला कचरा काढायला पाण्यात उतरतो, बाई धुणं घेऊन घाटावर जाते, कुत्रा सोबत. तुम्ही कामात असता, कुत्रा दोन हात पलीकडे पाणी पीत असतो. रोज, तीच वेळ.

पहिलं काम: मळ्यात पाण्याची सोय करा. जुन्या टायरची किंवा सिमेंटची कुंडी, दहा-पंधरा लिटरची, घराजवळ सावलीत, नदीपासून शक्य तितकी लांब. दोन कुत्री असली तर दोन कुंड्या. रोज पाणी बदला, तीन दिवसांनी शेवाळ घासा. कुंडीतलं पाणी घाण झालं की कुत्रा नदीचीच वाट धरतो. कुंडी ठेवूनही कुत्रा नदीवर जातो अशी तक्रार असेल तर आधी तिचा तळ पाहा.

दुसरं: मोटारीवर जाताना कुत्रा घरी बांधा. कुरकुरेल, आठवडाभर भुंकेल, मग सवय होते. घरी बांधणं शक्यच नसेल तर काठाच्या वर, वीस मीटर अलीकडे एक खुंटी कायमची ठोका आणि खाली उतरण्याआधी त्याला तिथे अडकवा. पाण्यालगतच्या झाडाला बांधू नका. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही.

तिसरं: काठावर जायची मोकळी वाट बंद करा. मळीच्या बांधावर चार फूट उंचीचं जाळीचं कुंपण, खालची कड मातीत अर्धा फूट पुरलेली, आणि मोटारीकडे जायला फाटक. पुरात ते वाहून जाईल हे धरूनच खांब लाकडी ठेवा आणि जाळी जूनमध्ये काढून ठेवता येईल अशी तारेने बांधा. बाभळीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण हा स्वस्त पर्याय आहे. दर महिन्याला भर घालावी लागते.

चौथं गावाने मिळून करायचं आहे. चिकनच्या दुकानांचा कचरा, मेलेली कोंबडी, मेलेलं जनावर नदीकाठी टाकणं थांबलं पाहिजे. या कचऱ्यावर कुत्रीही येतात आणि मगरीही, आणि दोघांची गाठ तिथेच पडते. ग्रामपंचायतीने गावाबाहेर, नदीपासून लांब खोल खड्डा करून चुना टाकून पुरण्याची सोय केली तर एका वर्षात फरक दिसेल, असं आमचं मत आहे.

पुराच्या दिवसांत हे सगळे नियम बदलतात. पाणी चढलं की मगरी नदीत राहत नाहीत. ओढे, नाले, बुडालेली उसाची शेतं, गटारं, कुठेही येतात. चिपळूणला पावसाळ्यात रस्त्यावर मगर दिसणं हे नवं राहिलेलं नाही. पाणी शिवारात शिरलं की कुत्रा घरात किंवा गच्चीवर. साखळीला बांधून घर सोडू नका. पाणी चढलं तर तो बुडतो. पूर ओसरल्यावरही पंधरा दिवस खड्ड्यांत, विहिरींत, शेततळ्यांत साचलेल्या पाण्यापासून त्याला लांब ठेवा. मगर दिसली तर वनविभागाच्या 1926 या टोल-फ्री क्रमांकावर कळवा. दगड मारणं, काठीने ढोसणं, कुत्रा अंगावर घालणं यातलं काहीही नको. मगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहे. आणि या कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं नाही, वन्यप्राण्याला हाकलून पिटाळणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं.

साप आणि भेक

नदीकाठी कुत्र्याची गाठ मगरीपेक्षा सापाशी जास्त वेळा पडते. पाण्यात वळवळताना दिसतो तो बहुधा विरोळा, म्हणजे पाणदिवड. बिनविषारी, पण चिडका आणि चावरा. कुत्र्याच्या नाकावर ओरखडे पडतात, साबणाने धुतलं की पुरे. मात्र "पाण्यातला साप म्हणजे बिनविषारी" असा सरसकट अर्थ काढू नका. नाग उत्तम पोहतो. घोणस बांधाच्या गवतात, उसाच्या पाचटात बसते. कुत्रा जवळ गेला की तिचा फुत्कार कुकरच्या शिट्टीसारखा मोठा येतो, आणि कुत्रा भुंकायला आणखी पुढे सरकतो. दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो तो यामुळे.

दंशानंतर काय दिसतं ते सापाप्रमाणे बदलतं. घोणस आणि फुरसं चावलं की झपाट्याने सूज, खूप वेदना, जखमेतून थांबत नसलेलं रक्त, कधी लाल लघवी. नागदंशात सूज असते, आणि पापण्या जड होणं, लाळ, मागचे पाय लटपटणं, श्वास मंदावणं. मण्यार सगळ्यात फसवी. तिच्या दंशाची सूज नसते, जखम सापडत नाही, आणि काही तासांनी कुत्रा उभा राहू शकत नाही.

करायचं ते असं. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. मोठा असेल तर चादरीची झोळी करा. गळपट्टा आणि हार्नेस लगेच काढा, कारण तोंडावरचा दंश असेल तर सुजेने गळा आवळतो. घट्ट बांधणं, कापणं, चोखणं, हळद-तंबाखू लावणं, बर्फ लावणं काहीही नको. साप मारायला किंवा पकडायला वेळ घालवू नका. आपल्याकडची प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रितच असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर ओढ्याकाठच्या झुडपांत चापडा असतो. त्याच्या विषावर ही लस नाही, तिथे सूज आणि वेदनेवरचे उपचार करावे लागतात, म्हणून लांबून फोटो मिळाला तर डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टर दोन मिलिलिटर रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतात. नळी तिरकी केल्यावर रक्त गोठलेलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात आहे हे कळतं. लशीची मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही, कारण सापाने विष वजन पाहून सोडलेलं नसतं. छोट्या कुत्र्याला कमी कुप्या लागतील असं समजून पैसे वाचवायला जाऊ नका. लशीचीच तीव्र ॲलर्जी होऊ शकते, म्हणून ती घरी कधीही देऊ नये.

हे सगळं ऐन वेळी कामी यायचं असेल तर आजच एक काम करा. आपल्या तालुक्यातल्या दोन-तीन पशुवैद्यकांना विचारा: तुमच्याकडे प्रतिसर्पविष ठेवलेलं असतं का, किती कुप्या, रात्री कोण असतं? नसेल तर जवळच्या कोणत्या औषध दुकानात मिळतं? उत्तरं कागदावर लिहून फ्रिजवर लावा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय सेवेचा 1962 हा क्रमांकही त्यावर असू द्या, पण सर्पदंशात गाडीची वाट पाहण्यापेक्षा स्वतः नेणं बरं.

पावसाळ्यात भेकाकडे दुर्लक्ष होतं. अंगावर खरखरीत गाठी असलेला हा बेडूक कुत्रा तोंडात धरतो आणि लगेच थुंकतो. भेकाच्या कातडीतलं विष हिरड्यांतून शोषलं जातं. तोंडाला फेस, मान झटकणं, हिरड्या लालभडक. जास्त झालं तर उलट्या, झटके, हृदयाचे ठोके बिघडणं. कुत्र्याचं तोंड खाली तिरकं धरून बाजूने पाणी सोडा म्हणजे ते घशात न जाता बाहेर येईल. दहा मिनिटं असं धुवा आणि ओल्या फडक्याने हिरड्या, जीभ, टाळू पुन:पुन्हा पुसा. झटके किंवा तोल जाणं दिसलं तर धुणं थांबवून दवाखाना.

उसातला बिबट्या

नदीकाठचा ऊस म्हणजे बिबट्याला बारमाही आडोसा आणि पाणी. अकोले तालुक्यातल्या एका अभ्यासात बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सर्वात मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा निघाला. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर भागात राहणाऱ्यांना याचं नवल वाटणार नाही. रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा घराची राखण करत नाही, बिबट्याला घरापर्यंत आणतो.

उपाय एकच भरवशाचा: रात्री बंदिस्त पिंजरा. सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच, लोखंडी अँगलची चौकट आणि वेल्ड मेश, म्हणजे तारा सांध्यावर वितळवून जोडलेली जाळी, दहा गेज जाडीच्या तारेची, भोक एक इंचाचं. चेनलिंक जाळी नको, ती ओढली की उसवते. भोक मोठं असलं तर पंजा आत जातो आणि जाळीला टेकून झोपलेला कुत्रा जखमी होतो. म्हणून खालचा दोन फुटांचा भाग पत्र्याने बंद करा. छताला जाळी आणि वर पत्रा. नुसता पत्रा बिबट्या उचकटतो. तळाला चार इंच काँक्रीट. दाराला वर आणि खाली दोन कड्या. मधे एकच कडी असली तर दाराचा खालचा कोपरा वाकतो. पिंजरा घराच्या भिंतीला लागून, दिवा दिसेल असा. सूर्यास्ताला कुत्रा आत, उजाडल्यावर बाहेर. मेंढपाळ वापरतात तसा खिळ्यांचा गळपट्टा मानेवरचा पहिला चावा चुकवू शकतो, पण पिंजऱ्याची जागा तो घेत नाही.

त्याच उसात रानडुक्कर असतं. सुळ्याने पोट फाटून आतडी बाहेर आली तर ती आत ढकलू नका. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने झाका, पोटाला सैल गुंडाळा आणि निघा.

कुत्र्यापासून पाणवठ्याला

संरक्षण दोन्ही बाजूंनी लागतं. ऊद, म्हणजे पाणमांजर, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खाड्यांत कुटुंबाने फिरतं. पिल्लं असतील तर सगळी मिळून कुत्र्यावर चालून जातात आणि खोल पाण्यात पोहणाऱ्या कुत्र्याची गत वाईट होते. उलट कुत्र्याचे रोग त्यांना लागू शकतात. 2018 मध्ये गीरमधल्या सिंहांच्या मृत्यूंत डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. हा कुत्र्यांतला नेहमीचा रोग. डिस्टेंपर, पार्वो, रेबीज आणि लेप्टोची लस वेळेवर हवी. लेप्टोचे पहिल्या वर्षी तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि नंतर दर वर्षी एक, मेअखेरपर्यंत, म्हणजे पावसाआधी संरक्षण तयार होतं. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग येतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होतो.

उन्हाळ्यात नदीच्या वाळूवर आणि धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळपेरावर टिटवी अंडी घालते, घरटं म्हणजे चार खडे. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली किंवा पंख मोडल्यासारखी फरफटत पुढे पळू लागली की अंडी किंवा पिल्लं जवळपास आहेत. कुत्र्याला पट्ट्याने जवळ घ्या आणि आलात त्याच वाटेने मागे फिरा. वेळास, आंजर्ले अशा कासवांच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मे कुत्रा मोकळा नेऊच नये. तो वाळू उकरून अंडी काढतो.

मगरीने धरलंच तर

पट्टा सोडा. कोणीही पाण्यात उतरू नका, काठावरही जाऊ नका. मालक पाण्यात उडी मारतो तेव्हा दुसरा जीव जातो. मोठ्याने ओरडून माणसं गोळा करा, मुलांना वर पाठवा. मगर पकड बदलताना कुत्रा कधी कधी सुटतो. तेव्हा तुम्ही काठापासून लांब, उंच जागेवर उभे राहून त्याला हाक मारा. तो तुमच्याकडे पोहतो, म्हणून तुम्ही कुठे उभे आहात ते महत्त्वाचं.

बाहेर आलेला कुत्रा चालत असला तरी तो बरा आहे असं समजू नका. मगरीच्या दातांची भोकं वरून लहान दिसतात, पण आतले स्नायू चेचलेले आणि फासळ्या मोडलेल्या असू शकतात. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबा. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. जास्त वेळ लागला किंवा हिरडी मुळातच फिकट असेल तर आत रक्तस्राव असू शकतो. वाहत्या जखमेवर जाड स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून पाहू नका. छातीच्या भोकातून हवा येत असेल तर त्यावर स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून तीन बाजू चिकटवा, एक मोकळी. वेदनेत कुत्रा मालकालाही चावतो, म्हणून तोंडाला बँडेजची सैल मुसकी बांधा. मात्र उलटी होत असेल किंवा श्वासाला त्रास असेल तर बांधू नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यातलं माणसांचं एकही औषध देऊ नका. अंग कोरडं करून चादरीत गुंडाळा आणि निघा.

रक्त थांबलेलं असेल आणि दवाखाना तासाभरापेक्षा लांब असेल तरच जखम धुवा: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात छोटा दीड सपाट चमचा मीठ. मगरीच्या तोंडातले आणि नदीच्या गाळातले जंतू खोल गेलेले असतात. त्यामुळे डॉक्टर बऱ्याचदा जखम लगेच पूर्ण शिवत नाहीत, निचऱ्यासाठी नळी ठेवतात आणि प्रतिजैविकं बरेच दिवस चालवतात. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा खायला लागला म्हणून औषध बंद केलं की आत पू साठतो. रोज दोनदा ताप मोजा. 38 ते 39.2 अंश सेल्सिअस हे कुत्र्याचं नेहमीचं तापमान. त्याच्या वर सलग दोनदा गेलं, जखमेला वास आला किंवा भोवतालची कातडी काळपट पडली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.

कोल्हा, मुंगूस, माकड किंवा कोणताही सस्तन प्राणी चावला असेल तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने जखम धुवा, हातमोजे घालून. लस झालेली असली तरी डॉक्टरांना विचारून रेबीजचा जादा डोस लगेच द्या. धुताना तुमच्या हातावरच्या ओरखड्यांना कुत्र्याच्या जखमेतली लाळ लागली असेल तर तुम्हीही त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःची लस सुरू करा.